वेगळ्या डोक्याचे छोटे गेम अर्ध्यात सुटतात, चूक गेमची का आपली?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. वाचत लई दिवस असतो, लिहायलोय पहिल्यांदाच. मी बेळगावात उद्यमबागला व्हीएमसी मशीनवर (प्रोग्रॅमवर चालून धातू कापणाऱ्या) हाय, सेकंड शिफ्ट सुटली की साडेबाराला घरी येतो, जेवतो आणि तासभर गेम खेळून झोपतो. लॅपटॉप सेकंडहँड, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड न्हाई, त्यामुळं मोठे गेम चालतच न्हाईत आणि त्यातनंच हे इंडी गेमचं वेड लागलं, म्हणजे एकट्या माणसानं किंवा चार-पाच जणांनी मिळून केलेले.

सेलमध्ये तीन घेतले. बाबा इज यू, रिटर्न ऑफ द ओब्रा डिन आणि होलो नाइट.

बाबा इज यूनं तर डोकंच फिरवलं. त्यात गेमचे नियमच ठोकळ्यांवर लिहिलेले असतात, भिंत - म्हणजे - अडवणारी असे तीन ठोकळे ओळीत हाईत तोवर भिंत अडवते, त्यातला एक ढकलून बाजूला काढला की भिंतीतनं आरपार जावा. आमच्याकडं प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली की टूल भलतीकडं जातंय, तसंच हे. एवढी साधी गोष्ट कुणाला आधी सुचली कशी न्हाई असं वाटत राहतंय.

पण बाकीचे दोन अर्ध्यात पडलेत. ओब्रा डिनमध्ये १८०७ साल हाय, रिकामं जहाज बंदरात परत आलंय आणि त्यावरच्या ६० माणसांचं काय झालं ते आपण शोधायचं, नाव काय, मेला कसा, मारलं कुणी. जवळ एक घड्याळ असतंय, मढ्यापाशी उघडलं की तो माणूस मेला तो क्षण थिजलेला दिसतो, त्यात फिरून बघायचं. लई भारी. पण मी २१ वर अडकलोय ते महिना झाला. होलो नाइटचं दुखणं वेगळं, नवीन भागात गेलं की नकाशाच न्हाई, तो विकणारा किडा शोधायचा, विकत घ्यायचा, आणि मेलो की साठवलेले पैसे तिथंच पडतात, ते आणायला जाताना परत मेलो की सगळे गेले. मला रात्री एकच तास मिळतो, त्यातली वीस मिनिटं काल कुठं होतो हे आठवण्यात जातात.

मशीनवरचा जोडीदार म्हणतो हे नुसतं नाव हाय, वेगळं करायच्या नादात खेळायला त्रास देतात. मला ते पटत न्हाई पण उत्तर पण देता येत न्हाई. तर जाणकारांनी सांगा, ह्या गेमांची खरी ताकद काय, खोट कुठं, आणि अर्ध्यात सुटला तर चूक कुणाची धरायची?

---

वडगाव_हातमाग

दादा, चांगला विषय काढलास. होलो नाइटचं आधी सांगतो कारण मी तो दोनदा पूर्ण केलाय. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी नावाच्या अगदी लहान टीमनं केला, २०१७ ला आला. नकाशा नसणं ही चूक न्हाई रे, तोच गेम हाय. अंधारात चाचपडत जाताना कुठनं तरी त्या नकाशेवाल्याची गुणगुण ऐकू येते आणि जिवात जीव येतो, ते नकाशा आधीच हातात दिला असता तर झालंच नसतं.

पण तुझा त्रास खोटा न्हाई. नकाशा घेतला तरी त्यावर आपण कुठं हाय ते दिसायला वेगळा ताईत विकत घ्यायचा, आणि नवीन बघितलेला भाग बाकावर जाऊन बसल्याशिवाय नकाशावर उतरत न्हाई. रविवारी पाच तास बसणाऱ्याला ह्यात मजा हाय. रोज तास मिळणाऱ्याला ह्यातनं नुसतं ओझं होतंय. मी ह्यात असा फरक करतो बघ, हरवणं हाच खेळ असेल तर खुशाल हरवू दे, पण काल मी काय करत होतो हे मला सांगायला काय जातंय?

आउटर वाइल्ड्स (२०१९) मध्ये हे झकास जमवलंय. २२ मिनिटांत सूर्य फुटतो, सगळं मरतं आणि परत पहिल्यापासनं सुरू, पण आपल्या यानात एक नोंदवही असते, कुठं काय कळलं, कशाचा कशाशी संबंध, कुठला धागा अर्धा हाय ते सगळं त्यात आपोआप चढत जातं. आठवड्यानं उघडलं तरी लिंक लागते. तुझ्या लॅपटॉपवर चालेल असं मात्र वाटत न्हाई.

आणि सेलेस्ट (२०१८) घे, तो चालेल. डोंगर चढायचा गेम, लई अवघड, पण त्यात असिस्ट मोड हाय, गेमचा स्पीड अर्ध्यापर्यंत खाली आणता येतो, मरणं बंद करता येतं. अवघड ठेवून पण दार उघडं ठेवता येतं ते असं.

---

निपाणी_हायवे

तू पेपर्स प्लीज खेळ. बाकी सगळं ठेव बाजूला आणि तो खेळ, तुझ्या लॅपटॉपवर आरामात पळतोय.

ओब्रा डिनवाल्या लुकास पोपचाच हाय, त्याच्या आधीचा, २०१३ चा. तुम्ही सीमेवरच्या नाक्यावर कारकून. साल १९८२, देश काल्पनिक. माणूस येतो, पासपोर्ट देतो, तारीख बघायची, फोटो बघायचा, शिक्का मारायचा. बास. एवढाच गेम. ऐकताना कंटाळवाणं वाटतंय न्हवं? पण पगार माणसामागं मिळतो, दिवसात दोन चुका माफ, तिसरीला दंड, आणि संध्याकाळी घरभाडं, जेवण, शेगडी ह्यातलं काय द्यायचं आणि काय तोडायचं ते ठरवायचं. मग एक माणूस येतो, त्याची कागदं बरोबर, तो जाताना सांगतो माझी बायको मागनं यायली, तिच्याशी जरा नीट वागा. आणि बायकोकडं परवानाच नसतो.

मी तिथं गेम थांबवला आणि बाहेर जाऊन बसलो, खरंच.

आता का ते सांगतो. २०२१ ला कोरोनात कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातनं येणाऱ्याला आरटीपीसीआर रिपोर्ट लागायचा ते आठवतंय सगळ्यांना. आमचं अर्धं गणगोत कागलला, अर्धं निपाणीत, मधे वीसएक किलोमीटर. मावशीला घेऊन आलो होतो, माझा रिपोर्ट होता, तिच्या रिपोर्टची मुदत एक दिवस आधीच संपलेली. त्या पोलिसाच्या तोंडाकडं बघत उभा होतो मी, आणि तो पण बिचारा माझ्याकडं बघत नव्हता, कागदाकडंच बघत होता. सोडलं त्यानं शेवटी. तेव्हा मी खिडकीच्या अलीकडं होतो. ह्या गेमनं मला पलीकडं बसवलं. कोटी कोटी खर्च केलेल्या कुठल्या गेमनं मला असं कुठं बसवलं न्हाई, सगळीकडं आपली बंदूक हातात.

खोट विचारशील तर हाय. टेबल मुद्दाम एवढंसं दिलंय की कागदावर कागद चढतात, माउसनं ओढून ओढून मनगट दुखतंय. विसाव्या दिवसानंतर तेच तेच होतं. पण ते काम तसंच असतंय म्हणून मी ते चालवून घेतलं. दुसरा कुणी म्हणेल मी दिवसभर तेच करून आलोय, घरी आणि तेच कशाला, तर त्याचं पण चूक न्हाई.

---

चिक्कोडी_लोकल

सगळे कौतुकच करायलेत म्हणून मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका.

एक आयडिया भारी असली की बाकी सगळं माफ, ही सवय आपण खेळणाऱ्यांनीच लावली हाय. दर सेलला बघतो, पिक्सेलवाली चित्रं, एक उदास पोरगं, पियानो, उड्या मारायच्या, आणि खाली लिहिलेलं की हा अनुभव आयुष्य बदलेल. २००८ ला ब्रेड नावाच्या गेममध्ये वेळ उलटी फिरवायची कल्पना आली तेव्हा ती नवीन होती, प्रत्येक जगात वेळ वेगळीच वागायची आणि कोडी त्यावरच बेतलेली. त्यानंतर त्याची नक्कल करणारे किती आले, कल्पना उसनी आणि कोडी लंगडी.

दुसरं, अर्ली ॲक्सेस. अर्धा गेम विकायचा, पुढचा करतो म्हणायचं. कुणी करतात, मान्य. पण माझ्याकडं दोन असे पडलेत ज्यांना तीन वर्षं झाली, शेवटचा निरोप 'लवकरच' असा. त्या पैशाची बाजारात वस्तू घेतली असती तर परत तरी केली असती.

तिसरं, बोलून ठेवणं. नो मॅन्स स्काय २०१६ ला आला तेव्हा आधी जेवढं सांगितलेलं त्यातलं बरंच नव्हतं. अठरावर अठरा शून्यं एवढे ग्रह होते हो, पण दहा ग्रह बघितले की अकरावा तसाच. पुढं वर्षानुवर्षं फुकट अपडेट देऊन त्यांनी तो खरंच सुधारला, त्याचं श्रेय देतो मी, पण पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजलेल्याचं काय.

आणि आपल्या पुण्याच्या राजीबद्दल पण बोलायला पाहिजे. नॉडिंग हेड्सनी केला, २०२० चा. राजस्थानी वाडे, भिंतीवरची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांतनं सांगितलेली गोष्ट, बघताना छाती भरून आली, आपल्या मातीतलं कुणीतरी एवढं देखणं केलंय म्हणून. पण मारामारी जड, कॅमेरा हवा तिथं नसतो आणि गोष्ट ऐन रंगात आली की एकदम संपते. आपला म्हणून मी मित्रांत ह्यावर बोललो न्हाई, ते चुकलं माझं. बोललं पाहिजे, न्हाईतर पुढचा चांगला कसा होणार.

---

खानापूर_अक्का

चिक्कोडीदादा, अर्ली ॲक्सेसचं शंभर टक्के पटलं. पण 'छोटा म्हणजे अर्धवट' असं लोक धरून चालतात त्यावर मला बोलायचंय.

मी वेंबा खेळले, २०२३ चा. तमिळ आई, १९८८ मध्ये नवऱ्यासोबत कॅनडाला गेलेली, आईची पाककृतींची वही फाटलेली, डाग पडलेली, आणि तिच्यातलं पुसलेलं आपण अंदाजानं भरून स्वयंपाक करायचा. इडलीपात्राच्या ताटल्या कशा एकावर एक लावायच्या म्हणजे वाफ सगळीकडं जाईल, हे कोडं आहे त्यात! माझ्या भाचीनं ते एका फटक्यात सोडवलं, घरी रोज बघते ना. दीड तासात गेम संपतो आणि तेवढाच हवा होता. पण स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, नियम असा की दोन तासांच्या आत खेळलेला असला आणि चौदा दिवस झाले नसले तर पैसे परत मागता येतात. म्हणजे दीड तासाचा गेम पूर्ण खेळून, रडून झालं तरी पैसे परत घेता येतात. मग करणारे काय करतात, उगाच लांबवतात, चार जास्तीच्या चकरा मारायला लावतात. तुम्ही ज्याला रटाळपणा म्हणता त्यातला थोडा तरी इथून येतो असं मला वाटतं.

आता उद्यमबाग, तुझ्या ओब्रा डिनबद्दल. ६० जणांत कोण वेल्श, कोण स्कॉटिश, कोण आयरिश हे ओळखायला बऱ्याच ठिकाणी बोलण्याची ढब हाच धागा आहे. आपण इंग्रजी शाळेत वाचून शिकलो, आपल्याला वेल्श ढब कशी कळावी? आपल्याकडचा माणूस दोन वाक्यं बोलला की आपण सांगू हा खानापूरचा, हा गडहिंग्लजचा, हा धारवाडकडचा मराठी बोलतोय, तसं ते तिकडच्यांसाठी सोपं. ही तुझी चूक नाही आणि करणाऱ्याचा खोडसाळपणाही नाही, त्याच्या डोळ्यासमोर आपण नव्हतो एवढंच. पण कानावर न जाता पण सुटतं ते. एकच सांगते, खलाशी झोपतात त्या झोळ्या नीट बघ. जास्त सांगत नाही.

बाबा इज यूवर एक गंमत. पोरांना मी ते ठोकळे कागदावर मराठीत करून दिले. तर अडकलंच! इंग्रजीत 'इज' मधे येतो, दोन्ही बाजूंनी दोन शब्द. मराठीत 'भिंत दगड आहे', आहे शेवटी गेला, म्हणजे ढकलायची जागाच बदलली, कोपऱ्यात अडकलेला शब्द आता वेगळाच. मग शेजारची कन्नड शाळेतली पोरगी म्हणाली आमच्यात 'आहे' लागतच नाही, दोनच ठोकळे पुरे. तीन भाषांत तीन वेगळे गेम झाले. त्या दुपारी पोरांनी जेवढं व्याकरण केलं तेवढं वर्षभरात केलं नसेल. साध्या कल्पनेत एवढी जागा असते, मला तरी ताकद म्हणजे हीच वाटते.

---

टिळकवाडी_दोन_खोल्या

अक्का, हे ठोकळ्यांचं वाचून अंगावर काटा आला. मी स्वतः गेम करायलोय, बंगळुरात एका स्टुडिओत चार वर्षं काढून परत आलो, आता भाऊ आणि मी दोघंच. त्यामुळं करणाऱ्याच्या बाजूनं लिहितो, थोडं लांब होईल.

खोट कुठनं येते? आमच्यात तरी अशी येते की आपला गेम आपल्याला पाठ झालेला असतो. आमचा गेम आठवडी बाजारातला हाय, तुम्ही भाजीवाली, गिऱ्हाईक मराठी-कन्नड मिसळून बोलतं, त्याच्या बोलण्यावरनं ओळखायचं हा घासाघीस करणार का निघून जाणार. मला ते इतकं उघड वाटायचं. चुलतभावाला दिलं, मागं उभा राहून बघितलं, तर पहिल्या गिऱ्हाइकालाच अकरा मिनिटं अडकला आणि मला तोंड दाबून उभं राहावं लागलं. मोठ्या कंपनीत असं बघायला पगारी माणसं असतात, शेकड्यानं लोक आणून खेळवतात. आमच्याकडं चुलतभाऊ हाय, आणि त्याचं एकदा बघून झालं की तो पण नवखा राहत न्हाई. म्हणून इंडी गेममधी नियम नीट न सांगणं, मेनू विचित्र असणं, सेव्ह कुठं झालं ते न कळणं हे जास्त दिसतं. त्याला कला म्हणून चालवून घेऊ नका. जिथं मुद्दाम केलंय तिथं ते गेमच्या गोष्टीला धरून असतं, पेपर्स प्लीजच्या टेबलासारखं. जिथं धरून न्हाई तिथं आम्ही दमलो होतो असं समजा, आणि आम्हाला कळवा.

ताकद पण तिथनंच येते. कुणाला विचारायचं नसतं. स्टारड्यू व्हॅली एकट्या माणसानं केला, चित्रं, संगीत, कोड सगळं, साडेचार वर्षं. २०१६ ला आला आणि अजून फुकट अपडेट देतो. कंपनीच्या मीटिंगमधी शिक्के मारायचा गेम किंवा ठोकळ्यांचं व्याकरण असलं काही मांडलं तर दुसऱ्या मिनिटाला विचारतात, हे कुणासारखं आहे? कुणासारखंच न्हाई हे उत्तर तिथं चालत न्हाई, मी देऊन बघितलंय.

पैशाचं सांगतो. स्टीमवर गेम लावायला १०० डॉलर, गेमनं १००० डॉलर कमावले की ते परत मिळतात, विक्रीतले ३० टक्के त्यांचे. २०२३ च्या सप्टेंबरात युनिटीनं, म्हणजे गेम करायचं सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीनं, जाहीर केलं की ठरावीक मर्यादेनंतर प्रत्येक इन्स्टॉलमागं पैसे घेणार, तेव्हा आमचा गेम दीड वर्ष युनिटीत झालेला. वर्षभरानं त्यांनी ते मागं घेतलं, पण आम्ही तोवर गोडो ह्या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आलो होतो, ते फुकट हाय आणि त्याचा कोड सगळ्यांना उघडा हाय.

आणि गोडोवर येण्याचा एक फायदा असा झाला की मराठी अक्षरं सुटली! युनिटीच्या नेहमीच्या टेक्स्टमधी जोडाक्षरं तुटायची, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न पडता नंतर पडायची, 'किती' वाचताच यायचं न्हाई. कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरात खाली लागणारी अक्षरं, तर खाली जायचेच न्हाईत. मी प्रत्येक शब्दाचं चित्र करून डकवत होतो, तीन महिने गेले त्यात. गोडो ४ मधी अक्षरजुळणीचं नीट काम केलेलं हाय, मराठी, कन्नड दोन्ही सरळ उमटतं. आता कुणी म्हणेल इंडी गेममधी आपली भाषा का दिसत न्हाई, तर त्याचं एक कारण हे असलं बारीक हाय, ते बाहेरनं दिसत न्हाई.

---

चिक्कोडी_लोकल

टिळकवाडी, 'आम्हाला कळवा' म्हणालास ते आवडलं. माझे दोन पडलेले गेम ज्यांचे हाईत त्यांनी हे वाक्य एकदा जरी लिहिलं असतं तर मी थांबलो असतो.

बाजारचा गेम कधी मिळणार?

---

टिळकवाडी_दोन_खोल्या

पहिले तीन बाजार खेळता येतात आता. पूर्ण व्हायला वर्ष लागेल, त्यामुळं विकत न्हाई, नुसतं खेळून बघायला देतो. अर्ली ॲक्सेस करायचं न्हाई असं दोघांनी ठरवलंय.

---

वडगाव_हातमाग

होलो नाइटच्या पुढच्या भागाचं, सिल्कसाँगचं २०१९ ला सांगितलं आणि तो आला २०२५ च्या सप्टेंबरात. लोक लई चिडले मधी, मी पण चिडलो. पण पैसे आधी घेतले न्हाईत आणि आला तेव्हा पूर्ण आला. तुम्ही वर्ष घ्या, दोन घ्या.

---

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला कारण शिफ्ट बदलली.

अक्का, झोळ्या बघितल्या!! त्यांना नंबर हाईत आणि वहीतल्या यादीत पण नंबर हाईत, महिनाभर माझ्या डोळ्यासमोर होतं ते. रात्री एक वाजता तीन नावं एकदम छापील अक्षरात पक्की झाली, मी ओरडलो, आई उठली. त्याच रात्री अजून तीन. २७ झाले. खलाशांत आपल्याकडचे पण हाईत, त्यांच्यापाशी जरा जास्त वेळ थांबलो. ढबीवरनं ओळखायचे जे हाईत ते शेवटाला ठेवलेत, न्हाई जमलं तर तेवढे विचारून घेईन आणि त्याचं वाईट वाटून घेणार न्हाई.

होलो नाइट बंद करून ठेवलाय, दिवाळीच्या सुट्टीत बघतो. पेपर्स प्लीज घेतला. निपाणीदादा, त्या बायकोला मी आत सोडलं, पहिलीच चूक होती त्या दिवसाची म्हणून दंड न्हाई बसला. दुसऱ्या दिवशी असं कुणी आलं आणि दोन चुका आधीच झालेल्या असल्या तर काय केलं असतं ते कळेना.

टिळकवाडी, मला पाठव तुझा बाजार. सुट्टी गुरुवारची असते, तू ये पाहिजे तर, मागं उभा राहून बघ, मी कुठं अडकतो ते बोलत बोलत खेळतो. आईला पण बसवूया. तिनं गेम कधी हातात घेतला न्हाई, पण बाजारात घासाघीस तिच्याइतकी कुणाला येत न्हाई.

---

टिळकवाडी_दोन_खोल्या

गुरुवारी अकराला येतो. आईंना आधी बसवूया, तुझ्या आधी.